शेवंताची गाठ

शेवंता गेली. काल दुपारी, जेवून, हात धुऊन, खाटेवर पडली ती उठलीच नाही.

ती माझी नणंद. मी तिची वहिनी, पण वयानं ती मोठी. म्हणून मी तिला बाई म्हणायची आणि ती मला जन्मभर "ए पोरी" म्हणाली. परवापर्यंत म्हणाली. मी पंच्याहत्तरीला टेकले तरी.

(मी सांगतेय, नात टाईप करतेय. तिची हिंदी मराठीहून बरी. चुका दिसल्या तर तिला रागवा, मला नको.)

सत्तर सालानंतरची गोष्ट. रामपायलीकडचं आमचं गाव. मी नवी सून. बाई विधवा होऊन माहेरी परत आलेली, पंचविशीचीही नसेल.
घरातलं सगळं काम तिचं. पण घरात तिचं स्वतःचं म्हणावं असं काही नव्हतं.

धान निघालं की मारवाडकडचे मेंढपाळ यायचे, उंटांवर बिऱ्हाड घेऊन. खत मिळावं म्हणून लोक आपल्या बांध्यांत, म्हणजे धानाच्या शेतांत, त्यांच्या मेंढ्या बसवायचे. त्या साली आमच्या बांधीत बसल्या.

त्यांच्यातला एक म्हातारा दिवसभर उंटाच्या पोटाचा पट्टा करत बसायचा. शेळीच्या केसांच्या दोऱ्या, काळ्या आणि पांढऱ्या.
माग नाही, सुईदोरा नाही. टोकदार काडीनं एका दोरीचे पेड फाकवायचे आणि त्या फटीतून दुसरी दोरी ओढायची. बस, एवढंच. आणि त्यातून अशी नक्षी निघायची की काय सांगू!

"पोरी, एकीच्या पोटातून दुसरी जाते पाह्य," बाई म्हणाली. "मले हे शिकाचंच आहे."

मी म्हाताऱ्याला विचारलं, तुमच्या बायका करतात का हे?
"औरतें नहीं करतीं." मग बाईकडे बघून म्हणाला, "सीखना है तो पूछना मत. देखना."

ती बघत बसली. रोज दुपारी. लोकांनी नावं ठेवू नयेत म्हणून मी सोबत जायची. लोकांनी ठेवायची ती ठेवलीच.

मग तिनं घरच्या अंबाडीच्या दोऱ्या वळून नेल्या. आमच्याकडे दोर तिपेडीच वळतात, आजा-पणजापासून. हात त्याच वळणाचे. पट्टा सुरू केला तर तो वाकडाच चालला, कारल्यासारखा.

म्हातारा हसला. एक दोरी घेतली, काडी घातली. "दो इधर, एक उधर. एक अकेली रह गई ना, बाई! चार बट चाहिए."

बाई उठली. घरी येऊन सगळा दोर उकलला आणि चौपेडी वळायला बसली. मांडी सोलून निघाली तिची.

पट्टा सरळ चालायला लागला तेव्हा ती खुदकन हसली. लग्न होऊन आल्यापासून मी तिला पहिल्यांदा हसताना बघितलं होतं.

राहिलं होतं फक्त टोक. शेवटी दोऱ्या कशा आवळायच्या, म्हणजे पट्टा उसवत नाही.
"कल दिखाऊँगा," म्हातारा म्हणाला.

संध्याकाळी आमचे हे चावडीवरून कान भरून आले.
"शेवंते, उद्यापासून डेऱ्यावर जाचं नाई."
"काहून, दादा?"
"लोक काय बोलून राह्यले, मले ऐकवत नाई."
"एकच दिवस जाऊ दे. शेवट तेवढा राह्यला."
"नाई म्हटलं ना!"

तिसऱ्या दिवशी उंट लादले गेले. बाई अंगणातून बघत होती. मला असा राग आला होता यांचा! चार दिवस वरणात मीठच घातलं नाही मी. मुकाट्यानं जेवले.

मग बाईनं स्वतःच एक गाठ काढली. टोकं दुमडून, एकमेकींत कोंबून, बोराएवढी जाड. दिसायला अगदीच अडाणी. पण घट्ट.

पुढच्या पोळ्याला तिनं ढवळ्यासाठी जुपणी केली, बैलाची मान जुवाला बांधायचा पट्टा. विधवेनं बैलाला ओवाळायचं नाही, म्हणून ती आत बसली. मी जुपणी यांच्या हातात दिली. यांनी गाठ उलटीपालटी करून बघितली आणि बांधली.

नुसत्या दोरानं ढवळ्याची मान सोलायची. ती सोलणं बंद झालं. मग पार दूरच्या लामत्यापर्यंतचे लोक जुपण्या मागायला यायला लागले. बैल गेले, ट्रॅक्टर आले, तेव्हा कॉलेजच्या पोरी आल्या. बॅगचे पट्टे, कमरेचे बेल्ट, रंगीत सुती दोऱ्यांचे. बाई त्यांनाही सांगायची, "विचारू नोको. पाह्य."

प्रत्येक पट्ट्याला शेवटी तीच बोराएवढी गाठ.

मागच्या वर्षी नातीनं मोबाईलवर व्हिडिओ शोधला. मारवाडचाच कोणी कारागीर टोक बंद करत होता. बाईनं चष्मा लावून बघितलं, परत लावायला सांगितलं, परत बघितलं.

"असं होय!" म्हणाली. "हौ, सुंदर आहे. पण राहू दे आता. माह्या गाठीनं कोणाचा बैल सुटला नाई."

हे कोपऱ्यात बसले होते. उठून बाहेर गेले.

काल तिरडी बांधायला घेतली. पोरांनी नायलॉनची दोरी आणली होती. हे म्हणाले, "थांबा."
आत गेले. खुंटीवर तिचा शेवटचा पट्टा लटकत होता, टोकं मोकळी. तो घेऊन अंगणात बसले. ब्याऐंशी वर्षांचे हात. पण दुमडलं, कोंबलं, आवळलं.

हुबेहूब तिची गाठ.

मी बघतच राहिले. म्हटलं, तुम्हाले कोणी शिकवली?

"कोणी नाई. जुपणीची गाठ झिजली की मीच परत बांधत होतो. तिले काहून सांगाचं? पाहून पाहून आली."

मग म्हणाले, "तिचा शेवट माह्याच्यानं राह्यला होता."

आणि ढसाढसा रडले. पन्नास वर्षांत मी यांना रडताना पाहिलं नव्हतं. मीही रडले.

तोच पट्टा तिरडीला बांधला आणि तिला नेलं.

बाई, जा सुखानं. पोरीचा नमस्कार.