कडेला बसलेले रघुकाका

आधी एक स्पष्ट करतो. माझा असल्या गोष्टींवर कधीच विश्वास नव्हता. नुसता नव्हता असं नाही, मी लोकांची खिल्ली उडवायचो. पंचवीस वर्षं फोटोग्राफीचा धंदा केलाय... बारशी, साखरपुडे, लग्नं, मंडळांचे गणपती. व्हॉट्सअॅपवर कोणी ‘बघा, फोटोत बाई आली’ म्हणून पाठवलं की दोन मिनिटांत मी त्याची हवा काढायचो. हा फ्लॅश काचेवर आपटलाय, हे शटर स्लो पडलंय, ही लेन्सवरची बोटाची चरबी आहे, फडकं मारा. चाळीत मला ‘भुतं पुसणारा’ म्हणायचे.

म्हणूनच हे लिहायला लाज वाटते. आणि खरं सांगू का, यात भीतीपेक्षा लाजच जास्त आहे. जे दिसलं त्याची भीती एका दुपारपुरती होती. मी जे केलं ते मात्र अजून मनातून जात नाही.

तर झालं असं. मोबाइल आले आणि आमचा धंदा बसला. जो तो फोटोग्राफर! तेव्हा मी फोर्टातल्या बोरा बाजारातून एक अल्ट्रा-वाइड, म्हणजे समोरचं खूप रुंद टिपणारी, लेन्स घेतली. अकरा एमएम. मोठ्या कंपनीची आपल्याला परवडणारी नव्हती, ही तिच्या चौथाई भावात मिळाली. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, त्या बिचाऱ्यांचा काही दोष नाही. फोकस हाताने करावा लागायचा, समोर ऊन आलं की फोटोवर गुलाबी डाग पडायचा, पण काम चोख. एकच खोड होती, आणि ती या जातीच्या सगळ्याच लेन्सची असते — कडेला आलेली वस्तू ताणली जाते. एका लग्नात ग्रुप फोटोच्या टोकाला नवरीची मामी उभी होती. फोटोत दुप्पट झाली. तिने मला मांडवात सगळ्यांसमोर विचारलं, ‘‘मेल्या, पैसे घेऊन अपमान करतोस?’’ त्या दिवसापासून सवयच लागली. फोटो काढला की आधी चारही कडा तपासायच्या.

लग्नात नाही चालली, पण दुसरीकडे ही लेन्स तुफान चालली. माझा शाळेतला दोस्त सुहास जागांची दलाली करतो. त्याने एक दिवस बघितलं आणि टाळीच दिली. ‘‘मन्या, ही तर देवमाणूस आहे रे! आगपेटीचा हॉल करते!’’ मग मी त्याच्यासाठी फ्लॅटचे फोटो काढायला लागलो. कोपऱ्यात भिंतीला पाठ चिकटवायची, कॅमेरा कमरेएवढा धरायचा, सामान आणि माणसं बाहेर काढायची, आणि खटॅक. दहा बाय दहाच्या खोलीत क्रिकेट खेळता येईल असं वाटायचं. लोक फोटो बघून टोकन द्यायचे. मी काही खोटं बोलत नव्हतो. लेन्स बोलत होती, असं मी स्वतःला समजावायचो.

आता वत्सलामावशीबद्दल सांगतो. लालबागला चिवडा गल्लीजवळची आमची चाळ, दुसरा मजला. सव्वीस नंबर आमची, सत्तावीस मावशीची. तिचे यजमान रघुकाका माझ्या बाबांबरोबर गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होते. संप झाला तेव्हा मी नऊ वर्षांचा. पहिले काही महिने सगळे जोरात होते, मग घराघरातले डबे रिकामे व्हायला लागले. आमच्याकडे स्टोव्ह पेटायचा नाही त्या दिवशी मावशी हाक मारायची, ‘‘झिला, ये रे, भाकरी उरली आसा.’’ उरलेली कसली डोंबलाची... स्वतःच्या पानातली असायची. हे मला फार उशिरा कळलं.

संप दुसऱ्या वर्षात गेला तेव्हा रघुकाका एका सकाळी भिवंडीला पॉवरलूमवर काम बघायला म्हणून निघाले. ‘‘संध्याकाळी येतो,’’ म्हणाले. आले नाहीत. बाबा आणि चाळीतले चौघे भिवंडी पालथी घालून आले, पोलीस चौकी झाली, हॉस्पिटलं झाली. काही नाही. मूलबाळ नव्हतं. मावशी त्या खोलीत एकटीच राहिली, लोकांना डबे करून दिले, आणि तीस वर्षं कपाळावर रुपयाएवढं कुंकू लावलं. माहेरच्यांनी गावाला ये म्हणून किती विनवलं. ही म्हणायची, ‘‘ते येतले तर खय येतले? त्यांका हीच खोली ठाऊक.’’

साठी उलटल्यावर तिचे गुडघे गेले. संडास मजल्याच्या टोकाला, जिना लाकडी. आणि तेव्हाच सुहासकडे गिऱ्हाईक आलं, सत्तावीस नंबरच हवी होती. सुहास म्हणाला, मावशीला विरारला वन रूम किचन घेऊन देऊ, संडास घरात, लिफ्ट. मलाही ते पटलं, हे खोटं नाही. त्यात माझाही हिस्सा होता, हेही खोटं नाही. विरारच्या त्या जागेचे फोटो मीच काढले. अकरा एमएमने. मावशीने ते चष्मा लावून बघितले आणि म्हणाली, ‘‘बाई गे! एवढ्या मोठ्या घरात मी एकटी काय करू रे?’’

तिथेच बोलायला हवं होतं मी. एक वाक्य पुरे होतं. नाही बोललो.

खरा घोळ मात्र वेगळाच होता. भाडेपावती रघुकाकांच्या नावावर होती. वकील म्हणाला, खोली हिच्या नावावर करायची तर नवरा हयात नाही असं हिला लिहून द्यावं लागेल, त्याशिवाय पुढचं काहीच होणार नाही. मावशी पंधरा दिवस माझ्याशी बोलली नाही. मग मीच जाऊन बसलो तिच्यापाशी. म्हटलं, ‘‘मावशी, तीस वर्षं झाली. आता कागदावर लिहिलं काय नि न लिहिलं काय.’’ ती बराच वेळ तांदूळ निवडत राहिली. मग म्हणाली, ‘‘तू म्हणतंस ना? मग करतंय सही.’’ तिने माझ्या शब्दावर विश्वास टाकला, हे लक्षात ठेवा.

सहीचा दिवस. दुपारी तीनला वकिलाकडे जायचं होतं. त्याआधी गिऱ्हाइकासाठी खोलीचे फोटो हवेत म्हणून मी एक वाजता सत्तावीसमध्ये गेलो. मावशीला बाहेर गॅलरीत स्टुलावर बसवलं. मोरीच्या कोपऱ्यात पाठ लावून उभा राहिलो. दार उघडं, भरपूर उजेड. तीन फोटो काढले आणि सवयीप्रमाणे स्क्रीनवर कडा तपासल्या.

पहिला स्वच्छ.

दुसऱ्यात उजव्या कडेला, कपाटापाशी, पाटावर एक माणूस बसलेला होता.

आधी डोळ्यांवर विश्वास बसेना. झूम केलं. पांढरा हाफ शर्ट, एक गुडघा वर, त्यावर हनुवटी टेकवलेली. पस्तिशीचा असेल. अंधुक नाही, धूसर नाही, आरपार दिसणारा नाही. रघुकाका... मी त्यांच्या खांद्यावर बसून गणपती बघितलेत हो, मी त्यांना ओळखणार नाही? माझ्याकडे बघत नव्हते ते. दाराबाहेर, जिथे मावशी बसली होती तिकडे बघत होते.

मान वर केली. खोलीत कपाटापाशी कोणी नाही. पाटसुद्धा नाही, तो तर भिंतीला उभा टेकवलेला. तिसरा फोटो बघितला. रिकामा. पुन्हा दुसरा उघडला, काका होतेच. आणि तरी डोक्यातला धंदेवाला बोलतच होता — रिफ्लेक्शन असेल, कपाटाला आरसा आहे, जुन्या कार्डातलं काही मिसळलं असेल. पण एक गोष्ट कशातच बसत नव्हती. त्या फोटोत कपाट ताणलं गेलं होतं. दाराची चौकट तिरपी झाली होती. शेजारचा पाण्याचा पिंप फुगला होता. आणि त्यांच्या मधोमध बसलेला माणूस जसाच्या तसा होता. सरळ. हाताची बोटंसुद्धा मापात. अकरा एमएमच्या कडेला असं होत नाही. होऊच शकत नाही.

बाहेरून मावशी म्हणाली, ‘‘झाला काय रे मन्या? काय बघतंस एवढा?’’

तेवढ्यात सुहासचा फोन. ‘‘अरे उरक ना, वकील थांबलाय. म्हातारीचा विचार बदलायच्या आत आण तिला.’’

मंडळी, तिला तो फोटो दाखवायला मला चार पावलं चालायचं होतं. तीस वर्षं ज्याची वाट बघितली त्याचा चेहरा होता तो. पण मी विचार काय केला? की हे बघितलं तर ही सही करणार नाही. तीन महिन्यांची मेहनत पाण्यात. आणि एका फोटोपायी सौदा मोडला असं सुहासला सांगू कुठल्या तोंडाने? मी डिलीट दाबलं. खात्री करायला कॅमेऱ्याने विचारलं, तिथेही ‘हो’ म्हटलं.

‘‘काही नाही मावशी,’’ मी म्हणालो. ‘‘एक फोटो खराब आला होता.’’

तिने सही केली. कागद सरकू नये म्हणून मी तो खालून धरला. संध्याकाळी घरी आल्यावर ती मोरीत गेली आणि ओल्या पदराने स्वतःच कपाळ पुसून बाहेर आली. माझी आई ओरडली, ‘‘वत्सला! अगं कागद तो कागद, ह्ये काय करतेस?’’ मावशी म्हणाली, ‘‘मीच लिहून दिलंय ना, ते नाहीत म्हणून? मग आता कोणाच्या नावान लावू?’’ कुंकवाखालची जागा फिकट पडली होती. मला तिच्याकडे बघवेना. मी उठून खाली गेलो आणि कारण नसताना चहा प्यालो.

पुढच्या महिन्यात ती विरारला गेली. सामान मीच पोचवलं. दारात उभी राहून तिने खोलीभर नजर फिरवली आणि माझ्याकडे बघितलं. मग पदर खोचून भांडी लावायला घेतली. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

मी ते कार्ड रिकव्हरीला लावलं. डिलीट केलेला फोटो परत मिळतो, मी स्वतः लोकांना काढून दिलेत. कार्डातून मागच्या वर्षीची लग्नंसुद्धा बाहेर आली. तो फोटो नाही आला. मग नंबर तपासले. माझ्या कॅमेऱ्यात फोटो पुसला तरी नंबर पुढेच सरकतो, मधला रिकामा राहतो. पहिल्याचा आणि तिसऱ्याचा नंबर सलग होता. म्हणजे कॅमेऱ्याच्या हिशोबाने मी त्या दिवशी दोनच फोटो काढले होते. मग मी डिलीट काय केलं? आजवर तीन जाणकारांना विचारलं. तिघांनी कार्ड बदलायला सांगितलं.

चार महिने मन खात होतं. शेवटी एका रविवारी विरारला गेलो आणि मावशीला सगळं सांगितलं. ती रागावेल, रडेल, हाकलून देईल, सगळ्याची तयारी ठेवली होती. तिने एवढंच विचारलं, ‘‘सुकलेले दिसत होते काय रे?’’

‘‘नाही मावशी. होते तसेच होते.’’

‘‘जेवलेले होते काय?’’

मला रडूच कोसळलं. तिने मला पाणी दिलं. मग अगदी शांतपणे म्हणाली, ‘‘आता एक काम कर. त्या खोलीत जा, आणि त्यांका सांग मी खय आसंय ता. ते थयच बसून असतले.’’

मी, भुतं पुसणाऱ्याने, दुसऱ्या दिवशी भर दुपारी सत्तावीस नंबरचं दार वाजवलं. नव्या मालकाची माणसं भिंत फोडत होती. कपाट गेलेलं, सगळीकडे चुना. मी म्हटलं, एक मिनिट काम थांबवाल का? ते थांबले, वेड्याकडे बघावं तसे बघत राहिले. मी कपाटाच्या जागेकडे तोंड करून मोठ्याने बोललो, ‘‘काका, मी मन्या. चुकलो मी. मावशी विरारला गेलीय. पूर्वेला उतरायचं, देवळाच्या मागची नवी बिल्डिंग. वत्सलाबाई कुठे राहतात म्हणून कोणालाही विचारा, दाखवतील.’’

बाहेर आलो तेव्हा छातीवरचं ओझं उतरल्यासारखं वाटलं. तसाच स्टेशन गाठून विरारला गेलो, म्हटलं मावशीला सांगू की निरोप दिला. मावशीच्या बिल्डिंगसारख्याच तिथे सहा बिल्डिंगी, सगळ्या पिवळ्या. फोटोंच्या वेळी सुहासने आणलं होतं, सामानाच्या वेळी टेम्पोबरोबर आलो होतो, नंतर तिने रिक्षापाशी उभं राहून मला नेलं होतं. आता नेमकी कुठली ते आठवेना. दुकानदाराला विचारलं, त्याला माहीत नाही. दोन बायकांना विचारलं, त्यांनी मान हलवली. शेवटी एका खिडकीत तिचं लुगडं वाळताना ओळखलं आणि तिथल्याच गेटवरच्या वॉचमनला तिचं नाव सांगून विचारलं.

तो म्हणाला, ‘‘कौन वत्सलाबाई? विंग बोलो, फ्लॅट नंबर बोलो. नाम से इधर कोई किसी को नहीं पहचानता.’’

काकांना विंग, फ्लॅट नंबर सांगायला मी तिथूनच उलटा फिरलो, लालबागला परत गेलो. सत्तावीसला कुलूप होतं. सकाळी पुन्हा गेलो तेव्हा सत्तावीस, अठ्ठावीस, एकोणतीस... मधल्या भिंती पाडून एकच गोडाऊन केलं होतं, आणि कपाट नेमकं कुठे होतं ते मला ओळखता येईना.

मावशी दर रविवारी फोन करते. कुंकू पुन्हा लावायला लागलीय. ‘‘नीट सांगलंस ना रे त्यांका पत्तो?’’ विचारते.

मी हो म्हणतो.