जवसाच्या तेलातला देव

डांबर आलं नाही, म्हणून देव आला. नाहीतर आमच्या त्या जंगलात देवाचं काही कामच नव्हतं.

नागपूर तेव्हा जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी होतं. डांबराचं सरकारी गोदाम आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. पण मी नोकरीला रामटेकच्या पलीकडे, सागाच्या जंगलात, आणि तिथवर डांबराचा एक डबा पोचायला साऱ्या खात्याचा जीव जात होता. मी निरोपावर निरोप धाडले. उत्तर एकच, डबा निघाला आहे. कुठं निघाला होता देव जाणे.

मी कोष्ट्याचा पोरगा. आमच्या घरात सगळे मागावर बसणारे, आणि जंगल म्हणजे तेलंगखेडीच्या तलावाकाठची झाडं, एवढंच आम्हाला ठाऊक. मी फॉरेस्टर झालो तेव्हा माझ्या मायनं विचारलं की वाघ आला तर सरकार पगार कापतं का. बापानं तर माझी मागावरची जागा रिकामीच ठेवली होती, हा येतोच परत म्हणून. त्याचा मला असा राग यायचा की काय सांगू. त्यात नोकरी अजून कच्ची. साहेबांनी तोंडावर सांगितलं होतं, यंदाचा कूप होळीच्या आत नीट तुटला तर तुम्ही कायम, नाहीतर आपल्या घरी जायचं. मला मेलो तरी परत जायचं नव्हतं.

कूप म्हणजे काय ते सांगतो. ते जंगल आधी मालगुजाराचं, म्हणजे तिथल्या जमीनदाराचं. त्याला लग्न निघालं की तोडायचा, बारसं निघालं की तोडायचा, आणि त्याच्या घरी पोरं फार. मग ते सरकारकडे आलं आणि सरकारनं हिशेबानं वागायचं ठरवलं. जंगलाचे तुकडे पाडायचे आणि दरवर्षी एकच तुकडा तोडायचा. शेवटच्या तुकड्यावर पोचेपर्यंत पहिला पुन्हा उभा झालेला असतो, म्हणजे जंगल कधी सरतच नाही. ह्या एका वर्षाच्या तुकड्याला आम्ही कूप म्हणतो. त्यातही सरसकट तोडायचं नाही. वाकडं, पोकळ, कीड लागलेलं झाड तोडायचं, सरळ झाड बीजासाठी राखायचं. बुंधा जमिनीलगत तिरपा छाटायचा, म्हणजे पाणी साचत नाही आणि पावसाळ्यात फुटवे येतात. हे सगळं उन्हाळा लागायच्या आत. मला हे फार आवडलं होतं, खोटं कशाला बोलू. वाटायचं, अरे, सगळा संसारच असा करायला पाहिजे.

तर तोडायच्या झाडांवर डांबराची खूण करायची असते, आणि डांबर नव्हतं. सुटीत घरी गेलो तेव्हा चिडून बसलो होतो. मायनं विचारलं, काहून तोंड पाडून बसला? मी सांगितलं. ती म्हणाली, त्यात काय, गेरू घेऊन जा, जवसाच्या तेलात कालव, मग दवानं पुसत नाही. मी गेरूचं पोतं आणि तेलाचं पिंप घेऊन मोटारीच्या टपावर बसून परत आलो. तेलात कालवल्यावर तो गेरू असा चकाकला की माझाच ऊर भरून आला. आणि मी शेवटी विणकराच्याच घरचा. नुसता फराटा मारणं जमेना. प्रत्येक झाडाला छातीच्या उंचीवर गोल टिळा, आणि खाली लुगड्याच्या काठासारखी सरळ पट्टी. साग, धावडा, तिवस, जे म्हणून वाकडं दिसेल ते मी सजवत सुटलो.

तोडीचा पहिला दिवस उजाडला. आमच्याकडे दसऱ्याला मागाची पूजा केल्याशिवाय धोट्याला कुणी हात लावत नाही. इतकं मोठं काम, नारळ न फोडता कसं सुरू करायचं? मी रामटेकच्या बाजारातून नारळ आणला होता, उदबत्ती आणली होती. आता शहाण्या माणसानं पूजा कुऱ्हाडीची केली असती. मी मात्र कूपातल्या सगळ्यात वाकड्या, टिळा लावलेल्या सागापुढे उदबत्ती लावली, बुंध्याशी नारळ फोडला, पाणी शिंपडलं आणि वाकून नमस्कार केला. मग सगळ्या मजुरांना खोबरं वाटलं. त्यांनीही हात जोडले, खोबरं खाल्लं. मग मी हात झटकले आणि म्हणालो, हं, करा सुरू, हेच पाडा आधी.

कुणी हललं नाही.

मजुरांचा मुकादम चांगला वयस्क माणूस, बोलणं शांत. तो म्हणाला, "साहेब, आता तं तुम्हीच त्याच्या पाया पडले."

मी म्हटलं, बरं मग? तर तो म्हणाला की पाया पडून लगेच कुऱ्हाड कोणी घालते का. मी दुसरं झाड दाखवलं. त्यालाही तोच टिळा, तीच पट्टी. तो म्हणाला, हा त्याचा भाऊ दिसते. तिसरं दाखवलं, तोही भाऊ. साऱ्या कूपात मी स्वतःच्या हातानं गोतावळा उभा केला होता, आणि सगळे सख्खे.

माझं डोकं फिरलं. मी झोपडीतून गेरूचं मडकं आणलं, सगळ्यांपुढे आपटून ठेवलं आणि ओरडलो की हा गेरू आहे गा, शेंदूर नोहे, मी माह्या हातानं कालवला. पटावं म्हणून बोट बुडवून चाटूनही दाखवला. मजुरांनी एकमेकांकडे पाहिलं आणि मागच्या दोघांनी पुढे येऊन हात पसरले. त्यांना वाटलं मी प्रसाद घेतो आहे. जवसाच्या तेलाची चव तोंडातून संध्याकाळपर्यंत गेली नाही.

मी धमक्या दिल्या, विनवण्या केल्या. ते माझ्यावर रागावलेही नाहीत, हेच जास्त लागलं. बिनखुणेची झाडं सांगा, आत्ता पाडतो, म्हणाले. म्हणजे नेमकी सरळ, बीजाची झाडं! तसं झालं असतं तर मागं नुसतं वाकडं जंगल उरलं असतं, आणि मी बापाच्या शेजारी मागावर. होळी जवळ येत चालली आणि मी त्या देवांच्या मधून वेड्यासारखा फिरत होतो. खरं सांगतो, एका धावड्याला टेकून रडलोसुद्धा. तर कुणीतरी दुरून पाहिलं आणि गावात झालं की साहेबाची भक्ती फार.

शेवटी मुकादमानंच गावच्या भुमक्याला आणलं. भुमका म्हणजे तिथला पुजारी, देवाचं सगळं तोच पाहतो. तो कूपातून फिरला, माझ्या पट्ट्या निरखल्या, काम साफ आहे म्हणाला. मग त्यानं तोडगा सांगितला. एवढे देव एका जागी कशाला? त्यांची बदली करून टाकू. मी सरकारी माणूस, बदली हा शब्द ऐकून मला एकदम धीर आला. त्यानं प्रत्येक झाडाच्या बुंध्याशी तांदळाचा दाणा ठेवला, काही पुटपुटला, दाणा उचलून गाडग्यात टाकला. सगळे दाणे त्यानं त्या पहिल्या वाकड्या सागाशी नेऊन ओतले. आता सगळे इथं राहतील, हा सोडून बाकीचे न्या, असं म्हणून तो बिडी ओढत बसला. दुसऱ्या दिवसापासून कुऱ्हाडी अशा चालल्या की होळीच्या आत कूप तुटला. बुंधे जमिनीलगत, तिरपे, एकूण एक. फक्त तो एक साग उरला, कूपातला सगळ्यात वाकडा.

आणि साहेब तपासणीला आले. जीपमधून उतरले, बुंधे पाहिले, खूश झाले. मग तो साग दिसला. खूण आहे आणि उभा कसा, त्यांनी विचारलं. मी सगळं सांगितलं, दुसरं काय करणार? ते ऐकून त्यांचा चेहरा लालबुंद झाला. म्हणाले, हे शासनाचं जंगल आहे. कुऱ्हाड घ्या आणि माझ्यासमोर तुम्ही स्वतः तोडा. तोडलंत तर कायम.

मी कुऱ्हाड घेतली. गेरू मीच आणलेला, तेल मीच ओतलेलं, टिळा माझ्याच बोटाचा. ह्या देवाची जन्मकुंडली माझ्याइतकी कुणालाच माहीत नव्हती. कुऱ्हाड वर नेली, आणि ती तिथंच राहिली. आणि मनात काय आलं सांगू? मले कायम कर बाप्पा, मी तुले नारळ देतो. ज्याला तोडायचं त्यालाच मी नवस बोललो! मग कुऱ्हाड खाली घेतली आणि म्हणालो, "साहेब, माझ्याच्यानं नाही होत. घरी पाठवा."

साहेबांनी संतापानं माझ्या हातून कुऱ्हाड ओढली. झाडाजवळ गेले. एक फेरी मारली, दुसरी मारली. तिसऱ्या फेरीत त्यांच्या ध्यानात आलं की आपण काय करतो आहोत, मग ते थांबले. त्यांनी कुऱ्हाड ड्रायव्हरला दिली. ड्रायव्हर म्हणाला, मला घाटात गाडी चालवायची असते साहेब, आणि अदबीनं परत दिली. साहेबांनी ती बगलेत धरली. मग टोपी काढून घाम पुसला आणि म्हणाले, बीजासाठी राखलं म्हणून सांगा. वाकड्याचं बीज कुणी राखतं का, हे त्यांनाही ठाऊक होतं नि मलाही.

जीपकडे जाताना ते मागं राहिले. मी वळून पाहिलं तर ते सागापुढे हात जोडून उभे, ओठ हलत होते. साहेबांची बायको नागपुरात आणि साहेब वर्षानुवर्षं तंबूत, तेव्हा काय मागितलं असेल ते विचारायला नको होतं.

पावसाळ्याआधी मी कायम झालो आणि साहेबांची नागपुरास बदली झाली. मी कबूल केलेला नारळ नेऊन दिला. तिथं आधीच एक मोठा, शहरी नारळ फोडलेला होता.

त्यांच्या जागी नवे साहेब आले, तरणे, कडक इस्त्रीचे. पहिल्याच फेरीला त्या सागाशी थांबले आणि माझ्यावर कडाडले की हे वाकडं झाड कोणत्या गाढवानं राखलं. वर्षभरापूर्वी मी तिथंच माफी मागितली असती. पण आता मी कायम होतो. मी मुकादमाकडून कुऱ्हाड मागून घेतली आणि त्यांच्या हातात दिली.