बिनइंजिनाची बोट

“आत्ताचं मॉडेल घ्यायचं की दिवाळीला येणारं? लवकर नोट द्या,” असं म्हणत साहेबांनी दोन कॅटलॉग माझ्यापुढे सरकवले.

ऐंशीच्या सुमाराची गोष्ट. कोल्हापुरात मी सरकारी खात्यात मेकॅनिकल इंजिनिअर होतो. हातकणंगले तालुक्यातल्या एका नदीकाठच्या गावाला पुरासाठी फायबरची छोटी बोट मंजूर झाली होती. एकदा घेतली की पुढची कित्येक वर्षं दुसरी मागायची सोय नव्हती.

आत्ताच्या मॉडेलची ट्रायल डीलरने रंकाळा तलावावर दिली. बोट झकास पळाली. पण माझा जीव नव्या मॉडेलवर जडला होता. त्याचं आउटबोर्ड, म्हणजे मागच्या फळीला बाहेरून अडकवायचं इंजिन, खाली काही आडवं आलं की आपोआप वर उचललं जाणार होतं. इंजिनिअर माणसाला आणखी काय पाहिजे? मी नोट लिहून टाकली : थांबावे. जागेच्या पाहणीचा रकाना तेवढा उरला. आमच्याकडे आधी मत ठरायचं, मग पाहणी व्हायची. तो रकाना भरायला मे महिन्यात गावात गेलो.

गावचा म्हातारा नावाडी बापू आंबी धक्क्यावर भेटला. त्याची लाकडी नाव कुजून गेली होती. मी त्याला ट्रायलचं कौतुक सांगितलं.

“रंकाळ्यात ऊस हाय व्हय, सायेब?”

“म्हणजे?”

“पुरात नाव नदीतनं कमी आन् उसावरनं जास्त जाती. पाला पंख्यात गुतला की तुमचं इंजान गप.”

खरं होतं. या भागात पुराचं पाणी शेतात धावत नाही, फुगतं. वर संथ पाणी आणि खाली उभा ऊस. म्हणजे वर उचललं जाणारं इंजिनच हवं! माझी नोट बरोबर निघाली म्हणून मी मनातून खूश झालो.

तेवढ्यात गावच्या नर्सबाई आल्या. सगळं ऐकून त्यांनी एवढंच विचारलं, “आणि दिवाळीपर्यंत?”

नाव गेल्यापासून पुरात पलीकडच्या वस्तीवर त्या काहिलीतून जायच्या. गुऱ्हाळात उसाचा रस उकळायची ती मोठी लोखंडी कढई.

“तुम्हाला पोहता येतं?”

“नाही. पण बाळंतीण थांबते होय, साहेब? गेल्या पुरात काहील उसावर गरगर फिरत राहिली. मी पोचले तेव्हा पोर गेलं होतं. तीच सुशीला यंदा पुन्हा श्रावणात बाळंत व्हायची आहे.”

मला माझी लाज वाटली. दोन कॅटलॉग तोंडपाठ करून आलो होतो, आणि बोट कोणासाठी हे विचारलंच नव्हतं.

“बापू, ही फायबरची बोट इंजिनाशिवाय, नुसत्या काठीनं रेटता येईल?”

“न यायला काय झालं? हलकी तर हाय की.”

परत येऊन मी नोट फाडली. नवी लिहिली : आत्ताच्या मॉडेलची नुसती बोट ताबडतोब घ्यावी, इंजिन नको.

साहेब भडकले. “मेकॅनिकल इंजिनिअर बिनइंजिनाची बोट मागतोय? लोक शेण घालतील तोंडात!”

मी त्यांना सुशीलाचं सांगितलं. त्यांनी पेनाचं टोपण काढलं, घातलं, पुन्हा काढलं. मग ‘इंजिन मागाहून’ असं स्वतःच्या अक्षरात लिहून त्यांनी सही केली. तापट होता, पण भला माणूस.

बोट आषाढात पोचली. श्रावणात पाणी चढलं. आठवड्याभराने नर्सबाईंचं कार्ड आलं : बापूंनी वेळेवर नेलं. सुशीलाला मुलगी झाली. दोघी बऱ्या आहेत.

मी ते कार्ड साहेबांच्या टेबलावर ठेवलं. त्यांनी दोनदा वाचलं आणि शिपायाला पेढे आणायला पाठवलं.

नवं मॉडेल त्या दिवाळीला आलंच नाही, पुढच्या दिवाळीला आलं. मुद्दाम जाऊन पाहिलं. खरोखरच सरस होतं. नवं मॉडेल बहुतेक वेळा सरसच असतं, पण पूर काही त्याच्यासाठी थांबत नाही.