पीस घेऊन दांडीला

पालघर स्टेशनावर उतरले तेव्हा माझ्याजवळ एक वळकटी, एक पत्र्याची पेटी आणि त्या पेटीत कोंबडीची सहा पिसं होती. साठीच्या दशकातली, थंडी सरत आलेल्या दिवसांतली ही गोष्ट. आमचं पथक महारोगाची पाहणी करायला ठाणे जिल्ह्याच्या या टोकाला आलं होतं. अंगावर फिकट डाग दिसला की त्यावरून पीस फिरवायचं. स्पर्श कळला नाही, तर रोग असण्याचा संभव. डाग लहान असताना सापडला तर गोळ्यांनी बरा होतो, हातापायांवर बेतत नाही. पण त्यासाठी गावातल्या प्रत्येकाचं अंग भर उजेडात पाहावं लागतं, आणि बायका काही आमच्या डॉक्टरांपुढे पाठ उघडी करणार नव्हत्या. म्हणून साताऱ्याकडच्या मला, एका नर्सला, धाडलं होतं. समुद्र मी तोवर पाहिला नव्हता.

पहिले दोन दिवस बोईसरच्या अलीकडच्या पाड्यांवर गेले. निम्मी घरं कुडाची दारं ओढून बंद. माणसं गवत कापायच्या कामावर परगावी गेलेली. उरलेल्यांची तपासणी मात्र झटपट झाली. एक म्हातारी अंगणात भात पाखडत बसली होती. मी दबकतच विचारलं, तर सूप खाली ठेवून म्हणाली, "आमचं अंग काय पेटीत ठेवलंय? बघ की." तिच्या अंगावर काही नव्हतं. जाताना तिने उकडलेले करांदे (जमिनीखालचे कंद) माझ्या ओंजळीत घातले. कडसर चव, पण मीठ लावल्यावर मी सगळे संपवले.

तिसऱ्या दिवशी दांडीला, समुद्रकाठच्या कोळीवस्तीत जायचं होतं. डॉक्टर बोईसरला दवाखाना लावून बसले आणि मला जीपने पुढे पाठवलं. पाम गाव मागे पडलं आणि जीप खाजणातल्या (भरतीचं पाणी शिरणाऱ्या सखल जमिनीतल्या) चिखलात अशी रुतली की ड्रायव्हरने स्टिअरिंगला हात जोडले. तेवढ्यात तारापूरकडे चाललेला एक ट्रक थांबला. तिकडे अणुवीजकेंद्राचं बांधकाम जोरात होतं.

"बहनजी, पीछे सिमेंट पे बैठना पड़ेगा," ट्रकवाला संकोचून म्हणाला.

बसले. तासाभराने दांडीच्या फाट्यावर उतरले तेव्हा लुगडं, हात, तोंड सगळं राखाडी झालं होतं. समोर माडांच्या मधून समुद्र दिसत होता, चकाकणारा, आणि काठावर बांबूंच्या वलांडींवर (मासळी वाळवायच्या मांडवांवर) बोंबलांच्या रांगा वाऱ्याने हलत होत्या. तो देखावा नीट पाहायलाही मिळाला नाही, कारण बायकांचा घोळका जमला होता.

"डाग बघायला आली ती हीच काय?" घोळक्यातून एक उंच, काळीसावळी बाई पुढे आली. "अगो, हिच्याच अंगभर डाग हायेत! पयली हिला तपासा!"

सगळा किनारा हसला. मीही हसले, दुसरं काय करणार? ती काशीबाय. वय पन्नाशीच्या आसपास. रोज मासळीची पाटी घेऊन बोईसरच्या बाजारात बसणारी आणि वस्तीतल्या बायकांत तिचा शब्द शेवटचा. तिनेच मला तोंड धुवायला पाणी दिलं. पण तपासणीचं नाव काढताच बायका मागे सरकल्या.

"वहीत नाव लिवलं की पोरीला कोण करंल?" एकीने विचारलं.

"वही माझ्याजवळच राहते," मी सांगितलं. "डॉक्टरांशिवाय कुणी पाहत नाही."

कुणी हललं नाही. काशीबायने माझ्याकडे एकवार पाहिलं. "पोरगी सिमेंटावर बसून आली. रिकामी कशी धाडायची? चल, मला बघ."

तिच्या परसात दोरीवर जुनं शीड टांगून आडोसा केला. शीड सरकू नये म्हणून तिची सून मंजुळा ते धरून उभी राहिली. काशीबायच्या उजव्या दंडाच्या मागच्या बाजूला, तिला स्वतःला कधी दिसणार नाही अशा जागी, रुपयाएवढा फिकट डाग होता.

"काकी, डोळे मिटा. पीस लागलं की 'हाय' म्हणा."

"हाय," ती म्हणाली. मी मनगटावरून कोपराकडे गेले. "हाय. हाय. अगो, गुदगुल्या होतात. हाय." मग ती गप्प झाली. थोडा वेळ वाट पाहून म्हणाली, "का थांबलीस?"

मी थांबले नव्हते. पीस डागावरून फिरतच होतं.

तिने डोळे उघडले, मान वळवून माझा हात पाहिला आणि तिला समजलं. मी हळू आवाजात सगळं सांगितलं: अगदी सुरुवात दिसते आहे, दुसऱ्याला लागण्यासारखं वाटत नाही, नक्की डॉक्टर सांगतील, काही वर्षं गोळ्या घ्यायच्या, घर सोडून कुठे जायची गरज नाही. ती ऐकत होती की नाही कोण जाणे.

"माझ्या हातची मासळी कोण घेणार?" एवढंच ती म्हणाली.

"आय," शिडापलीकडून मंजुळेचा आवाज आला. "मला ठाव होतं. दिवाळीला तेल लावताना दिसला."

"आन् बोलली नायस?"

"लोक तुमाला भायेर काढतील असं वाटलं."

काशीबाय भडकणार असं मला वाटलं. तिने शीड बाजूला सारून सुनेकडे पाहिलं. "डाग ठाव होता," ती सावकाश म्हणाली, "आन् तरी रोज माझ्या ताटात जेवत होतीस?"

"मग कुटं जेवू?" मंजुळा म्हणाली.

काशीबायने पदराने तोंड पुसलं, जरा जोरातच पुसलं, आणि उठून बाहेर गेली. आता ती मला हाकलणार, या खात्रीने मी पेटी आवरू लागले. पण बाहेरून तिची बाजारातली हाळी ऐकू आली: "या गो, या! नुसत्या गुदगुल्या करते, खात नाय तुमाला!"

मंजुळा पहिली आत आली. घरच्यांना तपासणं आधी गरजेचं होतंच. तिच्या अंगावर काही नव्हतं. मग एकामागून एक बायका आल्या. दुपार कलताना एका तरुण सुनेच्या मांडीवर तसाच डाग निघाला. पोर लुगडं सावरून पळायला निघाली, माझं काही ऐकेना. तेव्हा काशीबाय शीड बाजूला करून आत आली आणि तिच्यापुढे स्वतःचा दंड धरला.

"हा बघ माझा. तुझ्याहून मोठा हाय. उद्या दोघी बोईसरला जाऊ."

सूर्य बुडायच्या आत वस्तीतल्या सगळ्या बायका तपासून झाल्या. जेवायला काशीबायने मला थांबवलं खरं, पण ताट वाढताना तिचा हात घुटमळला. "माझ्या हातचं चालंल ना?" मी उत्तराऐवजी भाकरी मोडली. ओल्या बोंबलांचं कालवण होतं. काटे काढायचे असतात या समजुतीने मी बोंबील बोटांनी उकलू लागले, तर तो ताटातच विरघळला. सासूसून इतक्या हसल्या की मंजुळेला ठसका लागला.

सकाळी मासळीची पाटी घेऊन काशीबाय, डाग निघालेली ती तरुण सून आणि मी अशा तिघी टांग्याने बोईसरला गेलो. डॉक्टरांनी दोघींनाही तपासून रोगाची सुरुवातच असल्याचं सांगितलं. काशीबायने पहिली गोळी तिथेच गिळली आणि दर आठवडी बाजाराला पुढच्या गोळ्या न्यायचं कबूल केलं. "लोकांना सांगायचं ते मी सांगीन," ती म्हणाली. "तू नको."

संध्याकाळच्या गाडीने परतताना मी वही चाळत होते. आजार आम्ही शोधतो, असं मला गावी असताना वाटे. पण काशीबायचा डाग मंजुळेने माझ्याआधी चार महिने पाहिला होता. हा रोग बरा होतो हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून ती एकटी तो डाग सांभाळत बसली होती. किती घरांत असं कुणीतरी गप्प राहून जेवत असेल, कुणास ठाऊक.

गाडी सुटण्याआधी बाजारातून फेरी मारली होती. काशीबाय तिच्या जागेवर बसली होती. एका गिऱ्हाईकाने बोंबील ताजे आहेत का विचारलं, तर तिने अख्खी पाटी त्याच्या नाकाखाली धरली.