जावळाचा नवस

माझ्या सुनेला, रेणूला, चौथा महिना लागला होता आणि छातीतल्या गाठीचा रिपोर्ट कॅन्सरचा आला. त्याच संध्याकाळी मी देवीला बोलले, "बाळ धडधाकट येऊ दे माय, त्याचं जावळ तुझ्याच दारी काढीन." नवस एक, पण त्यामागे किस्से इतके साचले की आमच्या भजनी मंडळात टाळ राहतात बाजूला, आधी तेच निघतात.

पहिला माझ्या फजितीचा. रेणूची पहिली केमो आणि माझा निर्जळी उपास. रामदासपेठेतल्या दवाखान्यात सलाइन तिला लागलं, घेरी मला आली. डॉक्टरबाई म्हणाल्या, "काकू, मला पेशंट एकच पुरे. उपास सोडा, हिचा डबा सांभाळा."

तेव्हापासून माझं व्रत डब्याचं.

मंडळातल्या मंदाताईंनी तर डॉक्टरबाईंना थेट विचारलं, "औषध पोरीले देऊन राहिल्या, ते बाळाले बाधणार नाही ना?"

"पहिले तीन महिने उलटलेत, म्हणूनच देतोय. बाळंतपणाच्या आधीही थांबवू. सोनोग्राफीत वाढ नीट दिसतेय."

"मंग तुम्ही मशीनवर लक्ष ठेवा, देवावर आम्ही ठेवतो."

डोहाळजेवणाला फुलांची वेणी आणली आणि मंदाताई तशाच थबकल्या. रेणूच्या डोक्यावर केसच नव्हते. तीच म्हणाली, "काहून थांबल्या मावशी? बाळाले घाला." वेणी पोटावर बांधली.

नात जरा लवकर आली, वजनानं बारीक, पण डोकं केसांनी भरलेलं. नर्स म्हणाली, "मायचे सगळे हिनंच नेले वाटते!" रक्त, हृदय तपासलं, ठीक निघालं. कानांची तपासणी तेवढी राहिली होती. घरी भजनाला बसलो, मंदाताईंच्या हातून झांज पडली आणि पोरगी दचकून अशी ओरडली, की आम्ही सगळ्या हसता हसता रडलो.

"आता मशीनलेही दाखवून आणा," मंदाताई म्हणाल्या. मशीननंही तेच सांगितलं.

वर्षानं देवीच्या दारी गेलो. रेणूचे उपचार संपले होते, डोक्यावर बोटभर केस आले होते. न्हाव्यानं वस्तरा लावला तशी पोरीनं आकांत मांडला. पेढा दाखवला, घंटा वाजवली, ऐकेचना. रेणूनं तिला मांडीवर ओढलं आणि तिचा इवलासा हात आपल्या डोक्यावरून फिरवला.

"रडू नको वं. मायचेही गेलते. येतात."

तुमच्या ओळखीत अशी कोणी असली तर नवस जरूर बोला. आणि डबा घेऊन तिच्याजवळ जाऊन बसा.