वना तायडेची सरळ रेघ

धुळ्याच्या त्या स्पिरिटच्या कारखान्यात वना तायडेइतका हट्टी माणूस दुसरा नव्हता. मूळचा रावेरचा, मॅट्रिक झालेला, अकरा वर्षं प्रयोगशाळेत मदतनीस. गॅस क्रोमॅटोग्राफ नावाचं यंत्र तोच सांभाळायचा. स्पिरिटचा थेंब लांब नळीत सोडला की त्यातले घटक सुटे होऊन एकामागून एक बाहेर पडत, टोकाचा डिटेक्टर त्यांना टिपे आणि पेन कागदावर ज्याचं त्याचं शिखर काढी.

चौऱ्याण्णव साली नवी नळी आली, केसासारखी बारीक. वीस मिनिटांचं काम दोन मिनिटांत. केमिस्ट शालिग्राम चौधरी भलते खूश झाले. त्याच दिवशी टँकर भरून गेटवर उभा होता, त्यातलं स्पिरिट खोकल्याच्या औषधात जाणार होतं. कागदावर एकच देखणं शिखर उमटलं.

"माल शुद्ध. सही करतो," चौधरीसाहेब म्हणाले.

वनाला काही ते पटेना. इथल्या मालात मिथेनॉलचं एवढंसं टेकाड नेहमी दिसायचं, मर्यादेतलं का होईना. आज तेही गायब? मिथेनॉल म्हणजे विष, जास्त पोटात गेलं तर माणूस आंधळा होतो, मरतोसुद्धा.

"अर्धा तास द्या, साहेब."

"वनाभाऊ, टँकरवाला माझं डोकं खातोय."

"खाऊ द्या."

त्याने चांगल्या स्पिरिटमध्ये स्वतःच्या हाताने मिथेनॉल मिसळलं आणि थेंब सोडला. पुन्हा एकच शिखर! डोळ्यांदेखत विष घातलंय आणि यंत्र म्हणतंय, नाहीच.

"नळीच भिकार निघाली," साहेब चिडले. "पण आपल्या मालाला काय धाड भरलीय? जाऊ दे टँकर."

वना जागचा हलला नाही. तरुणपणी तो रावेरला ट्रकमध्ये चढणारे केळीचे घड मोजायचा. हमाल सावकाश आले की घडागणिक एक रेघ. ते पळत सुटले की दोन घडांना मिळून एकच रेघ पडायची आणि मुकादमाच्या शिव्या बसायच्या. हमालांचा काय दोष? मोजणाऱ्याचाच हात मंद.

तो डिटेक्टरच्या मागे गेला. त्याचा टिपण्याचा वेग ठरवणारा नॉब 'स्लो'वर होता आणि त्यावर पिवळी पडलेली चिकटपट्टी: हात लावू नये. अक्षर त्याचंच. व्होल्टेज नाचलं की पेन थरथरायचं, म्हणून नऊ वर्षांपूर्वी त्यानेच नॉब 'स्लो'वर नेऊन ती लावली होती. सरळ रेघेसाठी साहेबांनी पाठही थोपटली होती. जुन्या नळीतून सगळं आरामात यायचं, म्हणून काही बिघडलं नाही. आता दोन्ही घटक सेकंदभरात निघून जात होते आणि मंद डिटेक्टर दोघांचं मिळून एक शिखर काढत होता.

"नळी चांगली आहे, साहेब. चूक माझी आहे," वना म्हणाला. हे सांगताना त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण त्याने सांगितलं. मग नखाने पट्टी खरवडली आणि नॉब 'फास्ट'वर नेला.

रेघ थरथरू लागली. साहेबांनी नाक मुरडलं. पण त्या थरथरीतून दोन शिखरं स्वच्छ वेगळी उठली. आता टँकरमधल्या स्पिरिटचा थेंब. पुन्हा दोन शिखरं, आणि मिथेनॉलचं मर्यादेच्या तिप्पट.

साहेबांनी पेनाला टोपण लावलं आणि गेटवर फोन केला. टँकर मागे वळला, तेव्हा वना ती खरवडलेली पिवळी पट्टी कचऱ्यात टाकत होता.