जुन्या शाळेची हजेरी

सत्तरचं दशक संपत आलं होतं तेव्हा माझी बदली ऐरोलीजवळच्या खाडीकाठच्या एका गावातल्या प्राथमिक शाळेत झाली. मी साताऱ्याकडची. ओहोटीला पाणी कुठं जातं हे मला पहिलीतल्या मुलांनी शिकवलं. ती 'पानी' म्हणायची, मी फळ्यावर 'पाणी' लिहायचे, आणि माघार कुणीच घ्यायचं नाही. नव्या शहरासाठी गावाच्या जमिनी संपादित झाल्या होत्या. काल जिथं भाताचं खाचर बघितलं, तिथं आज मुरुमाचे ढीग दिसायचे.

मी आले त्याच वर्षी शाळेला रस्त्याकडेला चार खोल्यांची नवी इमारत मिळाली. जुनी शाळा म्हणजे मंगलोरी कौलांची एकच खोली आणि तिच्यात एक लाकडी कपाट. कपाटात पन्नासेक वर्षांचे हजेरीपट, दाखलनोंदीची रजिस्टरं, तपासणीसाहेबांच्या शेऱ्यांच्या वह्या. जुने हजेरीपट रद्दीत काढायचे ठरले. रद्दीवाला पोतं घेऊन आला, तेव्हा आमचे मुख्याध्यापक, सगळ्या गावाचे गुरुजी, त्या गठ्ठ्यांवर चक्क बसले. निवृत्तीला तीन वर्षं उरलेला, कधी आवाज न चढवणारा माणूस. म्हणाले, "शेतं गेली, मिठागरं गेली. आता एवढेच कागद राहिलेत. मी उठणार नाही."

रद्दीवाला चहा पिऊन परत गेला. गुरुजींनी ग्रामपंचायतीकडून जुनी खोली मागून घेतली. शाळा सुटली की आम्ही दोघं तिथं जायचो, कागदांची वाळवी झटकायची, पानं उन्हात धरायची आणि वर्षवार लावायची. हळूहळू लोकही काहीबाही आणून देऊ लागले. कुणी मिठागरावरच्या मजुरांचा फोटो आणला, कुणी होडी बांधताना मापं लिहिलेली वही. गाव त्या खोलीला 'गुरुजींचं दप्तर' म्हणायला लागलं.

गुरुजींना वाटलं, हे नुसतं कपाटात ठेवून काय उपयोग? म्हणून गावदेवीच्या जत्रेच्या दिवशी आम्ही खोली उघडली. सुतळ्या बांधून, कपड्यांचे चिमटे लावून कागद टांगले. समोरच्या भिंतीवर गुरुजींनी स्वतः काढलेला गावाचा मोठा नकाशा लावला, आणि तिथंच चूक झाली. तासाभरात बातमी पसरली की शाळेत पुन्हा जमिनीची सरकारी मोजणी चालू आहे. तीस-चाळीस माणसं दारात येऊन उभी राहिली.

"गुरुजी, तुमी पन त्यांच्यातलं झालंत?" एकाने विचारलं. हा गुरुजींचाच विद्यार्थी. दुसऱ्याने नकाशाचा कोपरा धरून ओढला. कागद टर्रकन फाटला. गुरुजींनी उरलेला नकाशा दोन्ही हातांनी भिंतीवर दाबून धरला.

तेवढ्यात गर्दीतून आवाज आला, "सरा बाजूला. मना बगू द्या." गावात सगळे जिला आये म्हणत ती म्हातारी पुढं आली. डोक्यावर मासळीची पाटी घेऊन तिने संसार ओढला होता, आणि तिने गाणी म्हटल्याशिवाय गावात कुणाचं लग्न लागत नसे. मी तिच्या धाकट्या मुलीच्या वयाची, म्हणून मला ती बाई नाही, 'बाय' म्हणायची. तिने नकाशाकडे बघितलं आणि मला विचारलं, "ही काय हाय, बाय?"

मी बोट ठेवून दाखवलं. ही खाडी, हे देऊळ, ही शेतं.

"शेतं?" ती म्हणाली. "नावं कुठं हाईत त्यांची?"

नावं नव्हतीच. सरकारी नकाशात नंबर होते, तेच गुरुजींनी उतरवले होते. मग ती सांगायला लागली. ही जांभळीखालची. ही वाकडी. ही मोठी खार, खाडीला बांध घालून केलेलं शेत, तिच्या शेवटाला उघाडी, म्हणजे खाडीचं पाणी आत-बाहेर सोडायची फळी. ज्याने कागद फाडला होता तोच मध्ये बोलला, "नाय आये, वाकडी पलीकडं. आमची व्हती ती." त्यावर तिसरा म्हणाला की तुमची नव्हे, ती आमच्या चुलत्याची. पाच मिनिटांत सगळे आपसात भांडायला लागले, पण आता ते नावांवरून. मी पेन्सिल घेऊन फाटक्या नकाशावर लिहीत सुटले. संध्याकाळी निघताना कागद फाडणाऱ्याने गुरुजींकडे न बघता विचारलं, "खळ हाय का घरात? चिकटवून देतो."

आये मात्र मागे रेंगाळली. टांगलेल्या हजेरीपटांवरून हात फिरवत म्हणाली, "मी पन शालेत गेलेली. आठ दिस."

तिची सून फिस्सकन हसली. "झालं आत्याबाईंचं सुरू. जल्मात पाटी धरली नाय नि म्हनं शालेत गेलेली."

आये पुढच्या पटाकडे वळली. तिला या हसण्याची सवय असावी. पण गुरुजींनी ते ऐकलं होतं.

पुढचे दोन महिने आम्ही ती नोंद शोधली. तिचं माहेर याच गावातलं, माहेरचं नाव आम्ही बोलता बोलता तिच्याकडूनच काढून घेतलं होतं, पण तिला स्वतःचं वय माहीत नव्हतं, त्यामुळे शोधायचं कुठून हेही कळेना. जुनी शाई फिकट झालेली, मोडी वळणाचं अक्षर, मुलींची नावं तर पानोपानी एकही नाही. माझा धीर सुटत आला होता. एका शनिवारी गुरुजींनी मला हाक मारली आणि बोट एका ओळीवर ठेवून तसेच बसून राहिले. तिचं माहेरचं नाव, वडिलांचं नाव, आणि शेऱ्यात दोन शब्द: नाव कमी, म्हणजे पटावरून काढलं.

"तिला आत्ताच सांगू या," मी म्हटलं.

"नको," गुरुजी म्हणाले. "एकटीला सांगून काय होणार? सगळ्यांदेखत सांगू."

त्या सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झाल्यावर गुरुजींनी सगळ्या गावाला जुन्या शाळेच्या अंगणात बोलावलं आणि जुन्या पटातली हजेरी घ्यायला सुरुवात केली. पहिल्या नावाला लोक बावरले. मग एक पांढऱ्या मिशांचे आजोबा काठी टेकत उभे राहिले आणि खणखणीत म्हणाले, "हजर!" एकच हशा पिकला. त्यानंतर मात्र लोक वाट बघायला लागले. ज्याचं नाव येई तो उठून उभा राही. काही नावांना कुणीच उठत नसे. अशा वेळी मागून एखादा मुलगा किंवा नातू हळूच म्हणायचा, "गेले, गुरुजी."

मग तिचं नाव आलं. उत्तर नाही. माहेरच्या नावाने तिला हाक मारणारं कुणी उरलंच नव्हतं, त्यामुळे ते आपलंच आहे हे तिच्या ध्यानात आलं नाही. गुरुजींनी चष्मा पुसला आणि वडिलांच्या नावासकट पुन्हा वाचलं. आये बसल्या जागी ताठ झाली. मग गुडघ्यावर हात टेकून उठली.

"हजर," ती म्हणाली. मागे कुणाला ते ऐकूच गेलं नाही. म्हणून तिने पुन्हा म्हटलं, "हजर हाय मी!"

सून बघतच राहिली. आयेने तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. गुरुजींना विचारलं, "किती दिस लिवलंय त्यात?"

मी हजेरीच्या खुणा मोजून ठेवल्या होत्या. "अकरा दिवस, आये."

"अकरा?" ती जरा विचारात पडली आणि मग तोंडभर हसली. "म्हंजे तीन दिस मीच कमी सांगत आले इतकी वर्सं."

त्यानंतर दरवर्षी सव्वीस जानेवारीला हजेरी व्हायची. निवृत्तीनंतरही गुरुजी गाव सोडून गेले नाहीत. शेजारी नव्या शहराच्या इमारती उठल्या, तिथली माणसंही कुतूहलाने यायला लागली. एका वर्षी त्यांच्यातला एक कारकून पुढं आला. मराठवाड्यातून आलेलं बौद्ध कुटुंब, नवरा-बायको आणि दोन मुली. तो म्हणाला, "आमचं नाव या पटात नाही, पण एक गोष्ट सांगायची आहे. चालेल का?"

गुरुजींनी त्याला खुर्ची दिली, पण तो उभाच राहिला. ते राहायला आले त्या पहिल्या उन्हाळ्यात इमारतीचे नळ कोरडे होते. त्याची बायको घागर घेऊन या गावच्या विहिरीवर आली आणि लांब उभी राहिली. तिच्या गावात तसंच उभं राहायचं असे, कुणी वरून पाणी ओतेपर्यंत. अर्धा तास गेला. मग एका म्हातारीने तिच्या हातात पोहरा दिला आणि ओरडली, "उभी काय ऱ्हायलीस? हात नाय तुला? वढ!"

"त्या रात्री ही जेवली नाही," तो म्हणाला. "रडत होती. मी विचारलं, कुणी काही बोललं का? तर म्हणाली, हो, रागावल्या. आपल्या माणसावर रागावतात तशा."

सगळ्यांच्या माना आयेकडे वळल्या. ती गोंधळून गेली. "आसंल," ती म्हणाली. "मना नाय आठवत. तवा लय बायका यायच्या पान्याला."

कारकुनाची बायको तोवर बायकांच्या घोळक्यात मागे बसली होती. ती उठून पुढं आली आणि आयेशेजारी सतरंजीवर बसली. "मला आठवतं," एवढंच ती म्हणाली. आयेने तिच्या मांडीवर हात ठेवला आणि विचारलं, "मुली कंच्या शालेत जातात?" मग त्या दोघी बोलतच राहिल्या. चहा आला तरी त्यांचं लक्ष नव्हतं.

गुरुजींनी मला ते सगळं लिहून घ्यायला सांगितलं. मी नवी वही काढली. त्या वर्षापासून नव्या वस्तीतली माणसंही आपापलं सांगायला येऊ लागली. पुढं माझी पनवेलच्या बाजूला बदली झाली, आणि रस्ता रुंद करताना जुनी खोली पाडली. कागद त्याआधीच, मी गावात असताना, दोन लोखंडी कपाटांत भरून गावच्या वाचनालयात हलवले होते. ती कपाटं हातगाडीवरून नेताना गुरुजी पुढं चालत होते आणि आये मागून, कपाटाला हात लावून.